हेगमध्ये एक, घरात दुसरं

2 ऑगस्ट जवळ आला की दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीवर मराठीत एक लेख छापून येतो. लेखकाचं नाव दरवर्षी बदलतं, लेख तोच असतो. पुण्या-मुंबईची ध्येयवेडी पोरं भर पावसात निघाली, दमणगंगेला पूर होता, त्यांनी सिल्वासा घेतलं, रक्ताचा थेंब न सांडता पावणेदोनशे वर्षांचं पोर्तुगीज राज्य संपवलं. भोळ्याभाबड्या आदिवासींनी त्यांचं स्वागत केलं. मग विकास झाला. इति.

मी सायलीत राहतो. सिल्वाशापासून सायली हाकेच्या अंतरावर आहे, आणि 2 ऑगस्टचा झेंडा, भाषणं, शाळकरी मुलांच्या कवायती इथेही होतात. त्यामुळे हा लेख मला टाळता येत नाही. त्यातली बहुतेक वाक्यं अर्धी खरी आहेत, आणि त्यामुळेच खोडायला जड जातात.

आधी रक्ताच्या थेंबाचं बघू. 1954 च्या जुलैत, 21 आणि 22 तारखेच्या मधल्या रात्री, युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सची माणसं दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चालून गेली. पुढारी होते फ्रान्सिस मस्कारेन्हास आणि वामन देसाई. ठाण्यावरचा उपनिरीक्षक आनिसेतु दु रोझारियु मारला गेला. आंतोनियु फर्नांडिस नावाचा शिपाईही गेला. पोर्तुगालने रोझारियुला मरणोत्तर गौरवलं, आपण त्याचं नाव विसरलो. दोन्ही गोष्टी अपेक्षितच होत्या. पण हा माणूस लिस्बनहून आलेला गोरा अंमलदार नव्हता. तो इथलाच, पोर्तुगीज भारतातला. त्याला मारायला आलेले गोमंतकीय, आणि तोही त्याच राज्याच्या सावलीत वाढलेला. ‘परकीयांविरुद्धचा लढा’ म्हणताना डोळ्यासमोर जे चित्र येतं, ते दादऱ्याच्या त्या ठाण्यात सापडत नाही. तिथे दिसते ती यादवी. छोटी असेल, एका रात्रीची असेल, पण यादवीच. एकाच मुलखातली माणसं, एकाच्या अंगावर सरकारी गणवेश, दुसऱ्याच्या हातात सुरा.

हे म्हटलं की लोक चिडतात. यादवी म्हणजे अमेरिकेत झाली तशी, स्पेनमध्ये झाली तशी, लाखो मेले पाहिजेत, शहरं बेचिराख झाली पाहिजेत. मान्य, संख्येने हा प्रकार किरकोळ आहे. पण यादवीची खूण मुडद्यांच्या मोजदादीत नसते. लढाई संपल्यावर जिंकलेल्यांची आपसात श्रेयावरून जुंपते आणि जमीन ज्याची त्याच्याकडेच राहते, ही खूण जास्त खात्रीची. त्या खुणेने पाहिलं तर हवेलीतली यादवी संपलेलीही नाही.

श्रेयाचंच घ्या. दादरा घेतला युनायटेड फ्रंटने. नरोली पडली 28 जुलैला, ती राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्वयंसेवकांनी आणि आझाद गोमंतक दलाने मिळून घेतली. 2 ऑगस्टला सिल्वासा. तिथे राजा वाकणकर, नाना काजरेकर, सुधीर फडके ही संघाकडची मंडळी होती, आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे आणि प्रभाकर सिनारी होते. संगीतकार फडके पैसे उभे करायला लता मंगेशकरांचा कार्यक्रम करतात आणि मग स्वतः हद्द ओलांडतात, ही गोष्ट मराठी माणसाला इतकी आवडते की बाकीचं ऐकायला तो थांबतच नाही. दक्षिणेकडून, तलासरीच्या अंगाने, कम्युनिस्ट शिरले. परुळेकर दांपत्याने बांधलेली किसान सभा आणि तिचे वारली. आज संघाच्या व्यासपीठावर कम्युनिस्ट नसतात, कम्युनिस्टांच्या पुस्तिकेत संघ नसतो, आणि मस्कारेन्हास दोघांच्याही सोयीचे नसल्यामुळे ते कुठेच नसतात. पहिलं गाव ज्यांनी घेतलं तेच पहिले वगळले गेले.

आता सिल्वासा ‘जिंकलं’ म्हणजे काय झालं? दादरा आणि नरोली गेल्यावर पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन व्हिर्जिलियु फिदाल्गु दीडेकशे शिपाई घेऊन खानवेलच्या बाजूला सरकला होता. गावात मूठभर पोलीस उरले होते. त्यांनी शरणागती पत्करली. फिदाल्गु पुढे नऊ दिवस रानात होता आणि 11 ऑगस्टला उधव्याला शरण आला. स्वयंसेवकांच्या धाडसाला मी कमी लेखत नाही. गाव रिकामं आहे हे त्यांना चालून जाताना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि हातातल्या शस्त्रांत फारसं काही नव्हतं. पण फिदाल्गुने हत्यार ठेवलं कोणापुढे? स्वयंसेवकांपुढे नव्हे, वारल्यांपुढेही नव्हे. भारतीय हद्दीतल्या राज्य राखीव पोलिसांपुढे. त्यांचे प्रमुख जे. डी. नगरवाला, म्हणजे 1948 मध्ये गांधीहत्येचा तपास करणारे मुंबईचे तेच अधिकारी. त्या वर्षी ज्या संघावर सरकारने बंदी घातली होती त्याची पोरं सहा वर्षांनी त्याच सरकारच्या पोलिसांच्या डोळ्यांदेखत हद्द ओलांडत होती, आणि पोलीस दुसरीकडे बघत होते.

नकाशा पाहिला की उरलेलं कळतं. दमण समुद्रावर, हवेली आत डोंगराच्या पायथ्याशी, मध्ये वापीची भारतीय पट्टी. दादरा तर हवेलीपासूनही तुटलेला, आणि हवेलीच्या पोटात मघवाल नावाचं गाव भारताचं. असला हा गुंता. दमणहून कुमक यायची तर भारतातूनच यायला हवी. भारताने वाट अडवली, आणि खेळ तिथेच संपला. स्वयंसेवकांनी दार ढकललं हे खरं, पण दाराच्या मागे उभं राहणारं कोणी येऊ नये याची व्यवस्था दिल्ली आणि मुंबईने केली होती.

ही अडवलेली वाटच पुढे हेगला गेली. डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध अर्ज केला: आमच्या मुलखात जायला आम्हाला वाट द्या. निकाल लागला 12 एप्रिल 1960 ला. भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले, न्यायपीठावर भारतातर्फे नेमलेले न्यायमूर्ती होते महंमद करीम छागला. हा खटला आपल्याकडे वकिलांपलीकडे कोणी वाचत नाही. 2 ऑगस्टचे लेख लिहिणाऱ्यांनी तरी वाचायला हवा होता.

कारण भारताने तिथे काय सांगितलं? सांगितलं ते असं: हवेलीतली पोर्तुगीज सत्ता तिथल्या लोकांनी उलथली आहे. नवं स्थानिक प्रशासन उभं राहिलं आहे. एका बाजूला जुनं सरकार, दुसऱ्या बाजूला उठाव करणारे लोक, अशा भांडणात शेजाऱ्याने तटस्थ राहायचं असतं, म्हणून आम्ही कोणाच्या सैन्याला वाट देणार नाही. पोर्तुगालचं म्हणणं नेमकं उलटं होतं: लोकबिक काही नाही, भारतातून सशस्त्र टोळ्या घुसल्या आणि भारत सरकारने त्यांना पाठीशी घातलं.

आता आपला 2 ऑगस्टचा लेख पुन्हा समोर धरा. बाहेरून पोरं आली, त्यांनी गाव घेतलं, स्थानिक लोक बघत होते. ही मांडणी कोणाची आहे? हेगमध्ये भारताची होती ती नाही. पोर्तुगालची आहे. फक्त ‘टोळ्या’च्या जागी ‘वीर’ हा शब्द आला. देशाच्या वतीने सेटलवाडांनी जे नाकारलं, तेच आपण सत्तर वर्षं हार घालून कबूल करत आलो आहोत. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. एक तर हेगमध्ये आपण धूळफेक केली, नाही तर चौकातल्या भाषणात करतो आहोत.

न्यायालयाने या भांडणाचा निवाडा केलाच नाही, हे इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कोणी उलथलं यात ते शिरलं नाही. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क पोर्तुगालला होता, असं अकरा विरुद्ध चार मतांनी ठरलं. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा हक्क नव्हता, हे आठ विरुद्ध सात अशा काठावरच्या बहुमताने. आणि त्या तापलेल्या दिवसांत भारताने वाट अडवली त्यात गैर नव्हतं, हे नऊ विरुद्ध सहा. म्हणजे आपण जिंकलो, पण एका मताच्या अंतराने हरूही शकलो असतो. निकालात आणखी एक गोष्ट आहे, जी पेशवाईच्या अभिमान्यांना रुचत नाही. हा मुलूख पोर्तुगिजांना कोणी दिला? 1779 च्या पुण्याच्या तहाने आणि 1783 व 1785 च्या सनदांनी, पेशव्यांनी. न्यायालयाने म्हटलं की तो फक्त वर्षाला 12,000 रुपयांच्या महसुलाचा सरंजाम होता, सार्वभौमत्व नव्हे. ते पुढे इंग्रजांनी गृहीत धरून टाकलं. ठीक. पण रयतेला एका सहीने दुसऱ्याच्या पदरात टाकायची सुरुवात पुण्यात झाली, हे काही बदलत नाही.

तर मग आदिवासी खरोखर प्रेक्षक होते का?

हवेलीच्या दक्षिणेला तलासरी, उंबरगाव, डहाणू. मधली सीमा कागदावरची. वारली, कोकणा, धोडिया दोन्हीकडचे एकच. सोयरिकी आरपार, बाजार आरपार. या पट्ट्यात 1945 च्या मे महिन्यात झरीला वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं ठरलं. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी जन्मभर राबायचं, ही ती लग्नगड्याची पद्धत. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये तिचं वर्णन केलंय, ते वाचून झोप उडते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, पाच माणसं मेली, जेठ्या गांगड त्यांतला. पुढच्या वर्षी परुळेकरांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं गेलं. तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते मोरारजी देसाई. 1954 ला तेच मुख्यमंत्री होते.

हे सगळं हवेलीच्या वेशीवर घडत असताना हवेलीतल्या वारल्याला त्याची गंधवार्ता नव्हती, असं मानायचं असेल तर माना. मला ते मानता येत नाही. ज्याचा मेहुणा तलासरीला लाल बावट्याखाली बसून आला, त्याला वेठ म्हणजे काय आणि ती नाकारता येते हे कळायला पुण्याहून कोणी यावं लागलं नसेल. हवेलीतल्या आदिवासीची 1954 मधली लढाई पोर्तुगिजाशी कमी आणि जमीनदाराशी जास्त होती, आणि ती आधीच सुरू झाली होती, हा माझा तर्क आहे. मुंबई सरकारला धास्ती होती ती याच गोष्टीची. पोर्तुगीज जातील हे त्यांना हवंच होतं, पण ते जाताना हवेली तलासरीसारखी लाल होऊ नये, हेही हवं होतं. स्वयंसेवकांना सीमेवर जी मोकळीक मिळाली तिची दुसरी बाजू ही आहे.

इथे माझे डावे मित्र खूश होतात आणि म्हणतात, बघा, सगळं मोरारजींचं कारस्थान, स्वयंसेवक म्हणजे पोलिसांची प्यादी. त्यांनाही थोडं थांबवायला हवं. सिनारी, लवंदे, मस्कारेन्हास हे कोणाच्या पटावरचे मोहरे नव्हते. गोव्यासाठी त्यांनी आयुष्य पणाला लावलं होतं, आणि गोवा सुटायला अजून सात वर्षं होती. सरकारने त्यांचा उपयोग करून घेतला असेल, पण उपयोग झाला म्हणून माणूस प्यादं होत नाही. शिवाय कम्युनिस्टांनी तरी हवेलीतली बांधणी पुढे किती टिकवली? तलासरीत त्यांचा पाया पक्का राहिला. चार कोसांवरच्या हवेलीत मात्र तो तसा रुजला नाही. हा प्रश्न त्यांच्या पुस्तिकेत येत नाही.

मुक्तीनंतरची सात वर्षं तर कोणीच सांगत नाही. 1954 ते 1961 हवेली ना पोर्तुगालची, ना भारताची. आप्पासाहेब करमळकर प्रशासक झाले, वरिष्ठ पंचायत बसली, पोर्तुगीज तिकिटांवर इंग्रजीत ‘मुक्त प्रदेश’ असा छाप मारून टपाल चाललं. हेगचा खटला चालू असेपर्यंत भारताने हा मुलूख पदरात घेतला नाही. घेतला असता तर स्थानिक उठावाचं आपलं म्हणणं कोसळलं असतं. अखेर जून 1961 मध्ये पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला, आणि के. जी. बदलानी या भारतीय प्रशासन सेवेतल्या अधिकाऱ्याला एका दिवसासाठी ‘मुक्त दादरा-नगर हवेली’चा पंतप्रधान करून त्यांची नेहरूंच्या सहीशेजारी सही घेतली. दहावी घटनादुरुस्ती झाली, 11 ऑगस्ट 1961 पासून केंद्रशासित प्रदेश. हेगमध्ये ज्या लोकांच्या उठावाचा हवाला दिला, त्या लोकांच्या वतीने सही करायला शेवटी दिल्लीचाच अधिकारी मिळाला.

आता जमिनीकडे या, कारण लेखातलं ‘मग विकास झाला’ हे वाक्य जमिनीवर उभं आहे. पोर्तुगिजांनी 1919 च्या शेतीविषयक कायद्याखाली अल्वारा नावाने मोठमोठ्या जमिनी काही घराण्यांना दिल्या होत्या. अट एकच: जमीन लागवडीखाली आणायची. पोर्तुगीज गेले, अल्वारे राहिले. 1954 मध्ये सिल्वाशावर तिरंगा चढला, त्या वर्षी अल्वाऱ्याच्या जमिनीवर राबणारा वारली दुसऱ्या दिवशीही त्याच जमिनीवर त्याच माणसासाठी राबायला गेला. जुने हक्क मोडणारा भूसुधारणा विनियम कागदावर यायला 1971 उजाडलं. सतरा वर्षं! मुक्तीच्या रात्रीची मिनिटं मोजणाऱ्यांना ही सतरा वर्षं मोजायला सवड झाली नाही.

तोवर दुसरी चक्रं फिरू लागली होती. दमणगंगेवर मधुबन धरण बांधलं गेलं. दुधनी-खानवेलच्या बाजूची आदिवासी गावं पाण्याखाली गेली, आणि आज त्याच पाण्यावर पर्यटकांचे शिकारे फिरतात. कर-सवलतींमुळे पिपरिया, आमली, मसाट, खडोली आणि आमची सायली कारखान्यांनी भरली. प्लॅस्टिक आलं, धागा आला, धाग्याच्या यंत्रांची चोवीस तासांची घरघर आली. 1962 च्या मोजणीत इथे 57,963 माणसं होती, 2011 च्या जनगणनेत 3,43,709. त्यांत आदिवासी निम्म्याहून थोडे वर. सायलीला वैद्यकीय महाविद्यालय झालं, पंतप्रधानांच्या सभा झाल्या. हे चांगलं नाही असं मी कसं म्हणू, ताप आला की मीही तिथेच जाणार. पण सकाळी सातला सायलीच्या नाक्यावर जाऊन बघा. खानवेलकडून जीपच्या टपावर बसून आलेल्या बाया डबा पदराखाली धरून कंत्राटदाराची वाट बघत उभ्या असतात. पुरुषांत बिहार-ओडिशाची पोरं जास्त, कारखान्याच्या आतलं काम त्यांना. वारल्याला मिळतं ते बाहेरचं: खोदाई, भरणी, झाडलोट. ज्या जमिनीवर ते पत्रे उभे आहेत, तिचं मागच्या पिढीत काय झालं असं त्या बायांपैकी एखादीला विचारलं, तर ती हसते आणि जमीनदाराचं नाव सांगते. पोर्तुगिजाचं नाही.

‘भोळेभाबडे’ हा शब्द ज्यांनी कोणी पहिल्यांदा वापरला त्यांना ही बाई भेटलेली नसणार.

मला विचारतात, मग स्वयंसेवकांचा सत्कार बंद करायचा का? मुळीच नाही. त्यांतले बहुतेक गेले आहेत, जे राहिले असतील त्यांना मान मिळालाच पाहिजे. माझं भांडण सत्कार करणाऱ्यांशी आहे. त्यांनी दादऱ्याची रात्र लपवली, कारण ती निर्मळ नाही. मस्कारेन्हास वगळले, कारण ते आपल्यातले नाहीत. तलासरीची वाट पुसली, कारण ती लाल आहे. आणि 2 ऑगस्टपाशी गोष्ट संपवली, कारण 3 ऑगस्टपासून जमिनीचा हिशेब सुरू होतो.

तो हिशेब किती चालला, ऐका. लागवडीची अट पाळली नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी 1974 मध्ये अल्वाऱ्याच्या काही जमिनी रद्द केल्या. जमीनधारक कोर्टात गेले. पोर्तुगीज सरकारने कधी अट बजावली नव्हती, मग आता का, असं त्यांचं म्हणणं. दिवाणी न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. 1974 चा आदेश कायम ठेवणारा अंतिम निकाल 2025 मध्ये आला. एकाहत्तर वर्षांपूर्वी पळालेल्या सरकारच्या कागदावर भारताच्या सर्वोच्च न्यायालयात वाद चालू होता, आणि त्या काळात 2 ऑगस्टच्या कुठल्याही भाषणात मी ‘अल्वारा’ हा शब्द ऐकलेला नाही. पुढच्या वर्षी लेख लिहिणाऱ्यांनी आधी मामलेदार कचेरीत जावं, खानवेलच्या दोन-चार गावांचे उतारे काढावेत, 1954 ला त्यांवर कोणाचं नाव होतं आणि आज कोणाचं आहे ते शेजारी शेजारी छापावं. सुधीर फडक्यांवरचा परिच्छेद त्याच्या खाली खुशाल ठेवा, जागा पुरेल.